पागोळी ते पाइप : महाड-पोलादपूर परिसरातील छपराच्या पाण्याचा इतिहास

प्रास्ताविक

घराच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपण जोते, भिंती, खांब, तुळया आणि फार तर छपराचा आकार इथवर येऊन थांबतो. छपरावर पडलेले पाणी पुढे कोठे गेले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या प्रदेशात वर्षाकाठी ३००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि तोही प्रामुख्याने चार महिन्यांत, त्या प्रदेशात हा प्रश्न गौण मानणे योग्य नव्हे. रायगड जिल्ह्याच्या आतील भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. महाडजवळ तिला गांधारी मिळते आणि तेथून खाली खाडीच्या भरतीचा प्रभाव सुरू होतो. वरून डोंगराचे पाणी, खालून समुद्राचा दाब आणि मध्ये माणसांची घरे, अशी ही रचना आहे.

प्रस्तुत लेखात या परिसरातील छपराच्या पाण्याचा, म्हणजे पागोळीपासून आजच्या प्लास्टिकच्या पाइपापर्यंतच्या प्रवासाचा विचार करावयाचा आहे. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु शेजारधर्म, नगरपालिकेचा अधिकार, सार्वजनिक पाण्यावरील हक्क आणि अलीकडच्या काळात उतारावरील वस्त्यांची सुरक्षितता, असे चार धागे या एका पाण्यात गुंतलेले आहेत.

शब्दांची साक्ष

या विषयासाठी मराठीत जी शब्दसंपदा आहे, ती स्वतःच एक ऐतिहासिक साधन आहे. छपराचा माथा म्हणजे आढे, त्याची खालची कड म्हणजे वळचण, वळचणीवरून ओळीने पडणाऱ्या धारा म्हणजे पागोळ्या आणि पाणी गोळा करून नेणारी नाली म्हणजे पन्हळ. पन्हळ हा शब्द संस्कृत 'प्रणाल', 'प्रणाली' यांवरून आला आहे. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण उलट्या व्यवहाराला उद्देशून वापरली जाते. ती ज्यांनी घडवली त्यांच्या डोळ्यांसमोर उतरते छप्पर आणि त्यावरून ओघळणारे पाणी रोजचे होते. सपाट धाब्याच्या प्रदेशात ही म्हण घडली नसती.

'प्रणाली' हा शब्द कौटिलीय अर्थशास्त्रात कायद्याच्या संदर्भात येतो. तिसऱ्या अधिकरणातील वास्तुविषयक भागात घराचा पाणी वाहून नेणारा मार्ग शेजाऱ्यापासून तीन पदे किंवा दीड अरत्नी अंतर सोडून करावा आणि हे अंतर न सोडणाऱ्यास ५४ पण दंड करावा, असा नियम आहे. पाऊस पडत असता प्रणाली मोकळी ठेवावी, अन्यथा १२ पण दंड, असेही तेथे म्हटले आहे. रोमन कायद्यातही वळचणीच्या पाण्याचा स्वतंत्र विचार आहे. 'स्टिलिसिडियम' या नावाने शेजाऱ्याच्या जमिनीवर छपराचे पाणी टाकण्याचा हक्क, तसेच ते न टाकू देण्याचा हक्क, तेथे ओळखला जात असे. चोरून ऐकणाऱ्याला इंग्रजीत जो 'ईव्हज्ड्रॉपर' शब्द आहे तोही मुळात वळचणीखालच्या पट्टीत उभ्या राहणाऱ्या माणसाचा. भिंत जेथे संपते तेथे घर संपत नाही. पागोळी जेथे पडते तेथपर्यंत ते असते, ही जाणीव अनेक समाजांत स्वतंत्रपणे निर्माण झालेली दिसते. आपल्याकडे जुन्या घराची हद्द सांगताना भिंतीबाहेरची पागोळीची जागा वेगळी सांगण्याचा जो परिपाठ आहे, त्याचा अर्थही हाच.

खडकातील पाणी

महाडजवळ गांधारपाले येथील बौद्ध लेणी या परिसरातील सर्वांत जुन्या 'घरां'पैकी होत. कुमार काणभोज विष्णुपालित याचा उल्लेख असलेला लेख तेथे आहे. या लेण्यांना छप्पर नाही. डोंगर हेच छप्पर. तेथे वास्तव्य करणाऱ्यांपुढे दुहेरी प्रश्न होता. पावसाळ्यात कड्यावरून येणारे पाणी ओसरीत शिरू द्यायचे नाही आणि तेच पाणी उन्हाळ्यासाठी राखायचे. पश्चिम भारतातील लेण्यांत यावर जो उपाय योजलेला दिसतो, तो म्हणजे खडकात कोरलेली टाकी. प्राकृत लेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. कान्हेरीला कातळात खोदलेल्या पन्हळी आणि त्यांना जोडलेली टाकी आजही पाहता येतात. गांधारपाल्यालाही टाकी आहेत. पाणी अडवणे आणि पाणी घालवणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे या कारागिरांना पक्के माहीत होते.

रायगडावर हाच विचार राजधानीच्या प्रमाणावर दिसतो. ६ जून १६७४ रोजी ज्या गडावर शिवराज्याभिषेक झाला, तो समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस हाच त्याच्या तलावांचा मुख्य आधार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एखादा झरा आहे म्हणून तेवढ्यावर विसंबून राहू नये, टाकी बांधावीत, कारण तोफांच्या हादऱ्याने झरे आटण्याचा संभव असतो, असा उपदेश आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. रायगडाच्या बाजारपेठेतील उंच जोती दाखवून घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून ती उंच केली, असे पर्यटकांना सांगितले जाते. या कल्पनेला रोमहर्षकता आहे. परंतु ज्या माथ्यावर आषाढात दिवसच्या दिवस पाऊस थांबत नाही, तेथे पेठेच्या दोन ओळींमधून वाहणाऱ्या पाण्यापासून माल कोरडा ठेवणे हे कारण मला अधिक स्वाभाविक वाटते. खाली महाडात आणि पोलादपुरात जुन्या घरांची जोती उंच आहेत. तेथे कोणी घोड्याचे नाव काढीत नाही.

पागोळीचे घर

या भागातील साधे घर दोन पाख्यांचे, पुढे ओटी वा पडवी आणि मागे परस असे असे. छप्पर प्रथम गवताचे किंवा पेंढ्याचे. ऐपत असेल तेथे कुंभाराने घडवलेल्या नळीच्या कौलांचे. उतार तीव्र, कारण गवतावर पाणी थांबले की ते कुजते. वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली. मातीच्या भिंतीचे आयुष्य या पुढे काढलेल्या वळचणीवर अवलंबून होते. वाऱ्याच्या दिशेला झड येऊ नये म्हणून पावसाळ्यापुरते झाप बांधले जात.

या रचनेचा महत्त्वाचा विशेष असा की, पाणी एका ठिकाणी येत नाही. ते वळचणीच्या संपूर्ण लांबीवर वाटले जाते. थोडे गणित करून पाहू. छपराचे क्षेत्र ६० चौरस मीटर आणि तासाला १०० मि.मी. असा जोराचा पाऊस धरला, तर तासात ६००० लिटर, म्हणजे मिनिटाला १०० लिटर पाणी खाली येते. दोन बाजूंच्या वळचणी मिळून २० मीटर लांब असतील, तर दर मीटरला मिनिटाला केवळ ५ लिटर. पागोळी पडते त्या रेषेवर दगडगोट्यांची ओळ लावली की जमीन उखडत नाही. पुढे एक उथळ चर ते पाणी परसात नेतो. परसात अळू, केळ लावलेली. तेथे बरेचसे पाणी मुरते, उरलेले पऱ्याला मिळते. पन्हळ लागे ती दोन छपरे जेथे मिळतात त्या सांध्यात किंवा दारावर धार पडू नये म्हणून. ती चिरलेल्या बांबूची अथवा पोफळीच्या कोरलेल्या खोडाची असे. म्हणजे पन्हळ हा अपवाद होता, पागोळी हा नियम.

हा नियम बदलण्याची सुरुवात छपराच्या साहित्याने केली. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्या चपट्या, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचा प्रसार सागरी मार्गाने पश्चिम किनाऱ्यावर झाला. सावित्रीच्या खाडीने महाडपर्यंत गलबतांची वाहतूक होती, हे महाडच्या व्यापारी भरभराटीचे एक कारण. ज्या मालाला जलमार्ग सोयीचा, तो माल अशा पेठेत सहज पोहोचतो. मंगलोरी कौलांची कड सरळ असल्याने तिच्याखाली पत्र्याची पन्हळ बसवणे सोपे झाले. पेठेत घराला घर लागून असल्यामुळे पागोळीला जागाही नव्हती. पन्हळीच्या टोकाला उभा नळ आला आणि वळचणीचे वाटलेले पाणी प्रथमच एका बिंदूवर उतरू लागले.

कायद्याची नजर

महाडला नगरपालिका एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात आली. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात आणि पुढे १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा कायद्यात, रस्त्यालगतच्या इमारतीच्या मालकाने छपराच्या पाण्यासाठी पन्हळी व नळ बसवावेत आणि ते पाणी रस्त्याने जाणाऱ्यांच्या अंगावर पडू नये अशा रीतीने सोडावे, अशी सक्ती करण्याचा अधिकार दिलेला आहे. या तरतुदीचा रोख पाहण्यासारखा आहे. वाटसरूचे डोके कोरडे राहावे एवढीच तिची चिंता. पाणी खाली आल्यावर कोठे जावे याविषयी ती फारशी बोलत नाही. पन्हळ आणि नळ हे नागर शिस्तीचे चिन्ह ठरले, आणि पाण्याची पुढची जबाबदारी गटारावर सोपवली गेली.

शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील वादांसाठी दुसरा कायदा होता. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर येऊ देणे खालच्या मालकावर बंधनकारक आहे, असे त्यात म्हटले आहे. मात्र ते पाणी ठरावीक प्रवाहातून येणारे नसावे. छपरावर गोळा करून नळाने सोडलेले पाणी या सवलतीत सहज बसत नाही. ते शेजाऱ्याच्या जागेत सोडावयाचे तर तसा हक्क मिळवलेला असावा लागतो, आणि वीस वर्षांची उघड, शांततामय, अखंड वहिवाट हा तो मिळवण्याचा एक मार्ग. हक्क असलेल्याला तो वापरण्याची रीत बदलता येते, परंतु शेजाऱ्यावरील भार वाढवता येत नाही, हेही कायदा सांगतो. आता ज्याच्या आजोबांच्या काळापासून शेजारच्या परसात दहा मीटर लांबीची पागोळी पडत आली आहे, त्याने पन्हळ लावून तेच पाणी एका नळाने एका कोपऱ्यात सोडले, तर भार वाढला की नाही? पाणी तेवढेच आहे. परंतु मिनिटाला ५० लिटरची धार एकाच जागी पडून खड्डा होतो, भिंतीचा पाया ओला राहतो. माझ्या मते भार वाढला असेच म्हणावे लागेल. २००७ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावपातळीवर सामोपचाराने मिटावेत असे तंटे कोणते, याचा विचार करताना बांधाच्या खालोखाल पागोळीचे नाव घेण्यास हरकत नाही.

चवदार तळे : पावसाचे पाणी कोणाचे?

महाडच्या पाण्याचा इतिहास चवदार तळ्यावाचून पुरा होत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या हजारो लोकांनी या तळ्याचे पाणी घेतले, हे सर्वश्रुत आहे. १९२३ चा मुंबई कायदेमंडळातील सी. के. बोले यांचा ठराव, १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करण्याचा केलेला ठराव, ऑगस्ट १९२७ मध्ये तो मागे घेणे, हा क्रमही परिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने जो भाग महत्त्वाचा आहे तो पुढच्या दिवाणी दाव्यातला.

तळे खासगी असून अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची पूर्वापार रूढी आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. तो महाडचे दिवाणी न्यायालय, ठाण्याचे जिल्हा न्यायालय आणि अखेर मुंबई उच्च न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी फेटाळला गेला. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ चा. त्या निकालात न्या. ब्रूमफील्ड यांनी तळ्याचे जे वर्णन दिले आहे, ते भूगोलाच्या अभ्यासकानेही वाचावे असे आहे. चार ते पाच एकरांचे हे तळे सभोवार नगरपालिकेच्या रस्त्यांनी वेढलेले; रस्त्यांपलीकडे मुख्यतः सवर्ण हिंदूंची घरे; काठावरच्या जागेच्या पट्ट्या आणि घाट अनेकदा या घरमालकांचे. तळे कोणी खोदले हे कोणालाच सांगता येत नाही. ते मुळात कृत्रिम आहे की नैसर्गिक, हेही निश्चित नाही. आणि त्यात पाणी येते ते पावसाचे आणि काही नैसर्गिक झऱ्यांचे.

या शेवटच्या वाक्याचे महत्त्व कायद्याच्या पलीकडे आहे. सत्याग्रहानंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी पंचगव्याने भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. ज्या पाण्याचे शुद्धीकरण केले ते पाणी दरवर्षी नव्याने आकाशातून येत होते, आणि भोवतालच्या उंचवट्यांवरून, रस्त्यांवरून वाहत येऊन तळ्यात विसावत होते. ते कोणत्या पाख्यावरून उतरले याचा हिशेब कोणाच्याही रूढीत नव्हता. रूढी होती ती फक्त ते पाणी उचलणाऱ्या हातांविषयी. न्यायालयाने रूढीचे प्राचीनत्व सिद्ध न झाल्याच्या मुद्द्यावर निकाल दिला, अस्पृश्यतेच्या तत्त्वावर नव्हे; तरीही तळ्याचे 'निर्माते' दाखवता न येणे आणि त्याचा पुरवठा निसर्गाकडून होणे या वस्तुस्थितीने खासगी मालकीचा दावा कमकुवत केला, हे नाकारता येत नाही.

स्लॅबचे घर आणि डोंगराचा उतार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कमाईने आणि पुढे महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रोजगाराने गावोगावची घरे बदलली. कौलांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. स्लॅबला वळचण जवळजवळ नसते. कठड्याने अडवलेले पाणी तीन-चार इंची प्लास्टिकच्या पाइपांतून बाहेर पडते. कोकणच्या पावसात स्लॅब गळू लागला की त्यावर पत्र्याची शेड येते, आणि पत्र्याला पुन्हा पन्हळ व पाइप. वर गणित केलेल्या घराचे मिनिटाला १०० लिटर पाणी आता एकाच पाइपाच्या तोंडातून येते. पोलादपूर तालुक्यातील वाड्या बहुतांशी उतारावर. घरासाठी डोंगर आत कापून सपाटी केलेली, मागे मातीची उभी कड, पुढे भरावाचे अंगण. पाइप बहुधा जेथे सोयीचा तेथे सोडलेला असतो. म्हणजे कधी मागच्या कडेच्या बुडाशी, तर कधी पुढच्या भरावावर, जेथून ते खालच्या घराच्या मागे उतरते. अंगणाला फरशी घातलेली, त्यामुळे मुरण्याची जागाही आकसलेली.

२५ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे ऐंशीपेक्षा अधिक बळी गेले. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडी आल्या. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मि.मी. पावसाची नोंद झाली, आणि सावित्रीचा पूर महाडच्या बाजारपेठेत शिरला.

या दुर्घटनांचे खापर पाइपांवर फोडणे चुकीचे ठरेल. कित्येक हेक्टरांच्या डोंगरउतारावर पडलेल्या पावसापुढे वाडीतील छपरांचे पाणी अल्प आहे. कठीण बेसॉल्टवरचा जाड, झिजलेला मातीचा थर, त्यात भरलेले पाणी आणि तीव्र उतार ही कारणे मोठी आहेत. परंतु घराच्या मागची लहान कड ढासळणे, अंगणाचा भराव सुटणे, गडगा फुगून पडणे या दरसालच्या घटना वेगळ्या. तेथे एका जागी सतत पडणारी धार निर्णायक ठरू शकते. कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया बेटावर २००४ पासून ब्रिस्टल विद्यापीठाच्या माल्कम अँडरसन व लिझ होल्कोम्ब यांनी उतारावरील दाट वस्त्यांत जो उपक्रम राबवला, तो याच निरीक्षणावर आधारलेला होता. दाट वस्तीत उतारावर पडणाऱ्या पावसाचा मोठा हिस्सा छपरांवर पडतो. तो पन्हळींनी गोळा करून, मातीला न लागू देता, बांधीव चरातून थेट ओढ्यापर्यंत नेला तर उथळ दरडींचा धोका घटतो. चर कोठून काढावेत हे तेथे रहिवाशांच्या माहितीवरून ठरवले गेले आणि बांधकामही त्यांच्याकडूनच करून घेतले गेले.

या उपक्रमात पन्हळ आणि पाइप हे स्वतः उपाय नाहीत. पाइपाच्या तोंडापासून ओढ्यापर्यंतचा चर हा उपाय आहे. पाइप लावून तेथेच थांबणे हे पागोळीपेक्षा वाईट, कारण पागोळी निदान पाणी वाटून टाकीत होती. शोषखड्ड्याबाबतही हीच सावधगिरी हवी. महाडच्या सखल भागात ऐन पावसाळ्यात भूजल इतके वर असते की खड्डा आधीच भरलेला असतो. आणि उतारावरील घराशेजारी शोषखड्डा खणणे म्हणजे जे पाणी मातीच्या थरात जाऊ नये तेच तेथे पोहोचवणे. पठारी जिल्ह्यांसाठी आखलेला जलपुनर्भरणाचा नमुना येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. साठवण करावयाची असेल तर ती टाकीत करावी. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी वणवण असते, आणि ६० चौरस मीटरच्या त्याच छपरावर वर्षभरात सुमारे १,८०,००० लिटर पाणी पडून गेलेले असते. पोढी खोदणाऱ्यांनी पाणी मातीत न सोडता खडकात राखले, ते याच डोंगरांत.

या विषयाची प्राथमिक साधने अद्याप बऱ्याच अंशी अस्पर्शित आहेत. नगरपालिकेच्या नोटिसा, घरवाटणीची पत्रे, दिवाणी न्यायालयातील वहिवाटीचे दावे, ग्रामपंचायतींचे ठराव यांत पागोळी, पन्हळ, चर हे शब्द कोठे आणि कोणत्या वर्षी येतात याची नोंद करणे हे स्थानिक महाविद्यालयातील इतिहास व भूगोल विभागांना मिळून सहज करता येण्याजोगे काम आहे. मात्र २००५ आणि २०२१ च्या पुरांत महाड शहरातील घरे, दुकाने आणि कार्यालये पाण्याखाली गेली होती. अशा पुरात कागदही वाचत नाहीत. वरच्या वाड्यांतील पेट्यांमधून अजून सुकी असलेली वाटणीपत्रे प्रथम पाहावीत, हे त्यामुळे श्रेयस्कर.